अकरावं प्रकरण, ग्रीक नामं

शहाड,
३ डिसेंबर १९५१

तीर्थरूप काकांस,

शहाडहून लक्ष्मीचा नमस्कार, तुम्हाला आणि काकूंना. पत्र गोदाच वाचत असणार, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि ओळी सुट्या सोडल्या आहेत. गोदा, स्वल्पविरामाला थांबत जा. नाहीतर तुझे बाबा तुला मधेच तोडतील आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायला लावतील. मला आठ वर्षं लावत होते.

इकडे सगळं ठीक चाललं आहे. धाकट्याचा खोकला उतरला. थोरला अजून मला आई म्हणत नाही, पण परवा शाळेतून आल्यावर स्वतःहून पाणी मागितलं. यांची कारखान्याच्या टाइम ऑफिसातली वेळ बदलली, त्यामुळे पहाटेच्या भोंग्याआधी डबा करावा लागतो. शेजारच्या खोलीत निर्वासितांच्या छावणीतलं एक सिंधी कुटुंब राहायला आलं आहे. त्या बाईंना मी मराठी शिकवते आणि त्या मला पापड शिकवतात. सहा महिन्यांत त्यांनी भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं मराठी कमावलं. फक्त फार संतापल्या की वाक्याचा शेवट सिंधीत करतात. ऐकलं की मला आपलं अकरावं प्रकरण आठवतं.

तुमचं पत्र पोचलं. लॅटिनचं व्याकरण मराठीत व्हावं म्हणून तुम्ही किती वर्षं घातलीत ते मी पाहिलं आहे. आता छापखाना ठरला, विद्यापीठाच्या समितीकडे पुस्तक जाणार, हे वाचून बरं वाटलं. अकरावं प्रकरण तेवढं अडलं आहे, वही पाठवून दे, असं तुम्ही लिहिलंत. वही माझ्याकडेच आहे. लग्नात ट्रंकेच्या तळाशी घालून आणली होती.

ते प्रकरण लिहिलं तेव्हाची ओसरी माझ्या डोळ्यांसमोर आहे. काचबिंदूने तुमची उरलीसुरली नजर त्याच वर्षी गेली. तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले, असं तुम्ही लोकांना सांगता. तसंच असेल. ग्रीकमधून लॅटिनात आलेले शब्द कसे चालवायचे, याचं उत्तर आपल्याला एका पुस्तकात मिळालं नव्हतं. दहा पुस्तकं मांडून मी कोष्टकं जुळवली होती. धूमकेतूचा तो 'कोमेतेस', एकवचनात आपला ग्रीक प्रत्यय धरून बसतो आणि अनेकवचनात गेला की मुकाट लॅटिन होतो. त्यावर तुम्ही म्हणाला होतात, सून एकटी असली की माहेरचं गुणगुणते आणि पंगतीत बसली की सासरचं बोलते. काकू तिथेच भाजी निवडत होत्या. त्या हसल्या नव्हत्या.

वही मात्र पाठवत नाही. तिच्यात खाडाखोड फार आहे, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला ती लागायची नाही. मीच स्वच्छ प्रत करून पाठवते. कल्याणच्या बाजारातून चांगला कागद आणि नवीन टाक आणला आहे.

दिवाळीला आले होते तेव्हा 'लाम्पास' शब्द पाहायला तुम्ही थोरला कोश उघडायला लावलात. त्याला कसर लागली आहे. गोदाकडून उन्हात ठेववून घ्या. बाकी विशेष काही नाही.

आपली आज्ञाधारक,
लक्ष्मी


शहाड,
१२ ऑगस्ट १९५२

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. सुखरूप पोचले. दोन दिवस घर सोडल्याचा दंड म्हणून सगळी भांडी माझी वाट पाहत होती.

छापखान्याकडून आलेली मुद्रितं एकदाची तपासून संपली, हे छान झालं. परवा मी कोष्टकं वाचत होते आणि तुम्ही झोपाळ्यावर डोळे मिटून प्रत्येक रूपाला गुडघ्यावर बोट आपटत होतात. एकदाही बोट थांबलं नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुळसे, एक काना इकडचा तिकडे नाही." लग्नानंतर मला त्या नावाने तुम्ही पहिल्यांदाच हाक मारलीत. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

प्रस्तावनाही तुम्ही माझ्याकडूनच वाचून घेतलीत. "अकराव्या प्रकरणाची मुद्रणप्रत माझ्या पुतणीने सुवाच्य अक्षरात करून दिली." सुवाच्य हा शब्द चांगला आहे. नाव घातलं नाहीत ते एका परीने ठीकच झालं. घालायचं तर माहेरचं की सासरचं, असा प्रश्न आला असता.

यांना मी सांगितलं की काकांचं लॅटिनचं पुस्तक येतं आहे. हे म्हणाले, "म्हणजे औषधाचं ना?" माणूस वाईट नाही हो. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. फक्त माझ्याशी काय बोलावं हे त्यांना पाच वर्षांत सुचलेलं नाही.

गोदाचं वर्ष महत्त्वाचं आहे. एस.एस.सी. झाल्यावर तिला कॉलेजात घालणार का, असं मी निघताना विचारलं, तर तुम्ही "बघू" म्हणालात. मलाही बघूच म्हणाला होतात. ते आठवलं, म्हणून लिहिलं. राग नसावा.

आपली,
लक्ष्मी


शहाड,
२४ जून १९५३

तीर्थरूप काकांस,

नमस्कार. गोदा, आधी पाणी पिऊन ये आणि काकूंनाही जवळ बसव. मग आवाज खाली न आणता वाच. वाचणारीने मजकुरावर मत दाखवायचं नाही, हे मला या घरात वाचनाच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. गोदाचं अक्षर सुधारलं आहे. समितीचं उत्तर तिने सगळं उतरवून पाठवलं आहे. अकराव्या प्रकरणातली कोष्टकं पाहता लेखकाला या भाषेचं प्राथमिक ज्ञान तरी आहे का अशी शंका येते, सबब पुस्तक पाठ्यपुस्तकांच्या यादीत घेता येत नाही. मराठीत सांगायचं तर त्यांनी तुम्हाला पहिल्या इयत्तेत बसवलं. तुम्ही लिहिता की ही छापखान्याची चूक आहे. मूळ प्रत बरोबर होती असं मी लिहून द्यावं, सोबत शुद्धिपत्र करून पाठवावं. महिनाअखेर ते समितीच्या हाती पडलं तर पुस्तकाचा फेरविचार होईल, नाहीतर तीस वर्षं मातीत जातील.

छापखान्याची चूक नाही, काका. खिळे जुळवणाऱ्याने माझ्या अक्षराबरहुकूम जुळवलं. अक्षर सुवाच्य होतं.

प्रत मीच उलटी केली. शब्द जिथे आपलं ग्रीक वळण राखतात तिथे मी ते पुसलं, आणि जिथे त्यांनी मुकाट लॅटिन व्हायचं तिथे त्यांना ग्रीक ठेवलं. मधली काही रूपं तर मी चक्क मनाने बनवली. तशी रूपं जगात कोणी कधी उच्चारली नसतील. रोज दुपारी भात झाकून ठेवल्यावर तासभर लिहायची. चुका करायला खऱ्या रूपांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण एकही चुकून बरोबर यायला नको.

आणि मुद्रितं वाचायला बसले तेव्हा माझ्या मांडीवर ती सगळी चुकीची पानं होती. मी त्यांच्याकडे बघत खरी कोष्टकं म्हणून दाखवली. ती मला पाठ आहेत. मीच तयार केली होती. तुमचं बोट गुडघ्यावर पडत होतं आणि दर वेळी वाटत होतं, आता थांबेल, आता विचारतील, "पान दाखव गोदाला, ती काय वाचते बघू." तुम्ही विचारलं नाहीत. मी खरं वाचते, याबद्दल तुम्हाला कधी शंकाच आली नव्हती.

आता कारण. ते काकूंनी ऐकावं म्हणून त्यांना बसवायला सांगितलं.

दिवाळीला 'लाम्पास' पाहायला थोरला कोश उघडला, तेव्हा पानांत एक लांब पाकीट होतं. वर माझं नाव, कुमारी तुळसा. कात्रीने नीट कापून उघडलेलं. आत मुंबईच्या कॉलेजचं पत्र, तारीख १९ जून १९४७. लॅटिनमधल्या गुणांवरून मला जागा दिली आहे, फी माफ, राहायची सोय वसतिगृहात, पंधरा दिवसांत हजर व्हावं. ते ज्या दिवशी आलं असेल तेव्हा मी आणि काकू मुंजीसाठी कल्याणला होतो, एवढं मी पुढे जुळवलं. तुमच्याकडे रविवारी येणाऱ्या कुठल्यातरी विद्यार्थ्याने ते तुम्हाला वाचून दाखवलं असेल. कोणी, ते मी शोधलं नाही.

त्या जून-जुलैत मी रोज दारात उभी असायची. टपालवाला काळुराम गल्लीच्या तोंडाशी दिसला की पायऱ्या उतरून पुढे जायची. तो लांबूनच हात हलवायचा. "नाय गो पोरी, आज काय नाय." तो खरंच सांगत होता, त्या दिवशी काही नसायचं. मी परत आले की झोपाळ्यावरून तुम्ही म्हणायचात, "कॉलेजवाले मोठे लोक, विसरले असतील." काकू, तुम्ही माझ्यासाठी गणपतीला दूर्वा वाहत होतात. तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मार्गशीर्षात लग्न झालं. पुण्याचं एक स्थळ आलं होतं, मुलगा माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, स्वतः शिक्षक. ते लांब पडतं म्हणून तुम्ही नको म्हणालात आणि शहाडचं बिजवराचं स्थळ धरलंत. शहाड हाकेच्या अंतरावर. वाचायला माणूस लागलं की पोरीला बोलावून घेता येतं. मुंबईला गेले असते तर मी परत आले नसते, आणि आले असते तर पुस्तकावर माझं नाव घालावं लागलं असतं. ताटातल्या तांदळात अंगठीने लक्ष्मी लिहिलं गेलं. तुम्ही चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि कानाशी म्हणालात, "तिथे लॅटिन काढायचं नाही. माहेरचं काही उरता कामा नये." अकराव्या प्रकरणातल्या शब्दांना मी तुमचाच उपदेश केला. तुम्हाला तो चुकीचा वाटतो, समितीलाही वाटतो.

पाकीट लपवलंत याचं दुःख मी गिळलं असतं. अनाथ पोरीला तुम्ही सहाव्या वर्षापासून सांभाळलंत, खाऊ घातलंत, एक भाषा दिलीत, हे मी रोज स्वतःला सांगत आले. पण कोश उघडायला मला तुम्हीच सांगितलंत. तुम्ही विसरला होतात. माझं सगळं आयुष्य त्या पानांत ठेवून तुम्ही ते विसरून गेलात आणि मलाच म्हणालात, "ल वर काढ, लाम्पास बघ." तो कोश या घरात माझ्याशिवाय कोणी उघडत नव्हतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून तो सगळ्यांनाच मिटलेला आहे, असं तुम्हाला वाटलं असावं. मी पाकीट पोलक्यात घातलं आणि शब्द वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, "शाबास." त्याच क्षणी मी काय करणार ते ठरलं.

तीस वर्षांचं काम आहे हे मला माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच केलं. तुमच्याजवळ मोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं. समितीच्या त्या ओळी मी तीनदा वाचल्या आणि मुलांसाठी शिरा केला. धाकट्याने विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, माझा निकाल लागला.

मी साक्ष लिहून देणार नाही. शुद्धिपत्र पाठवणार नाही. वाचायलाही येणार नाही. निरोप पाठवू नये.

गोदा, इथे थांब. यापुढचं तुझ्यासाठी आहे. ओठ न हलवता, मनातल्या मनात वाच.

तुझ्या तोंडून हे तुझ्या बाबांना ऐकवलं. तुझं त्यांच्यावर प्रेम आहे. हा दुष्टपणा आहे, मला कळतं. दुसरं तोंड नव्हतं. मधे थांबून तुला काही ओळी गाळता आल्या असत्या. गाळल्यास का? मला कधी सांगू नकोस.

शनिवारच्या पत्राच्या समासात तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस, "ताई, पहिला वर्ग मिळाला. मी कॉलेजला अर्ज टाकलाय. बाबा म्हणतात बघू, मी गेले तर त्यांना वाचून कोण दाखवणार." पत्र ते सांगत होते आणि त्यांच्या समोर बसून तू समासात लिहीत होतीस. तुझी मला काळजी वाटत होती. ती ओळ वाचल्यावर कमी झाली.

आता नीट वाच. खरी वही माझ्याकडे नाही. संक्रांतीला आले होते तेव्हा मी ती थोरल्या कोशात ठेवली, माझं पाकीट होतं त्याच पानात. कोश उन्हात ठेवा म्हणून दीड वर्षापूर्वी लिहिलं होतं, अजून कोणी ठेवलेला दिसला नाही. वही मी चुलीपर्यंत नेली होती. घालवेना. कागदाला पाय लागला तर कपाळाला हात लावतो, त्या घरात मी वाढले. तुझ्या बाबांनी माझं पत्र फाडलं नाही तेही त्यापायीच. फाडलं असतं तर आज त्यांचं पुस्तक यादीत असतं.

त्या वहीवरून शुद्धिपत्र दोन दिवसांत होतं. तुला लॅटिन कळत नाही, पण अक्षरं उतरवता येतात. महिनाअखेरीला अजून सहा दिवस आहेत. ते करायचं की वही तिथेच राहू द्यायची, तुझं तू ठरव. मी दोन्हीला हरकत घेणार नाही. मात्र आधी कॉलेजच्या कागदावर पालकाची सही होऊ दे. सही कुठे करायची ते त्यांचं बोट धरून तूच दाखवतेस. कागद कसला आहे, हे त्यांना तू सांगशील तेवढंच कळतं. त्यांना काय सांगायचं ते विचार करून सांग. आणि या महिन्यात काळुराम दिसला की पायऱ्या उतरून तू स्वतः पुढे हो, घरात टपाल दुसऱ्या कोणाच्या हाती पडू देऊ नकोस.

बाबा आता विचारत असतील, गप्प का झालीस, पुढे काय लिहिलं आहे? सांग, सगळ्यांना नमस्कार लिहिला आहे. आता या घरात कोणी वाचलेल्या एकाही शब्दाची त्यांना खात्री वाटणार नाही. तरी ते मान हलवतील, कारण उद्या सकाळी वर्तमानपत्र येईल तेव्हा ते तुलाच हाक मारणार आहेत.

सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
तुळसा